शांत झालेली शाळा

मूल ऐकत नाही, ही तक्रार कुठल्या घरात नाही? शेजारी टोमणे मारतात, आजी आईला बोल लावते आणि शाळेतून फोन येतो तो वेगळाच. पण ज्या मुलांना दोन-दोन शाळांनी हात जोडून बाहेर काढलं, अशी सगळी मुलं एकाच छपराखाली बसवली तर काय होईल? नवी मुंबईतल्या करावे गावाच्या टोकाला, खाडीला लागून असलेल्या 'पुन्हा शाळा' नावाच्या शाळेत नेमकं तेच चाललं होतं. तिथं रोज काहीतरी फुटायचं. कधी काच, कधी डोकं.

नाझिया मुकादम या शाळेची मुख्याध्यापिका होऊन आली, तेव्हा पहिल्याच दिवशी अक्षताने भिरकावलेला कंपासबॉक्स तिच्या कानाजवळून गेला. अक्षता सातवीतली. कुणी धक्का मारला, कुणी नुसतं हसलं, तरी ती अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे वर्ग थांबायचे. तिची आई भिमाबाई परभणीकडची, सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये जिने पुसणारी. ती ऑफिसात येऊन पदराने डोळे टिपायची.

"बाई, ही तिसरी शाळा हाय. हितनं काढली तर मी हिला कुठं नेऊ?"

"काढणार नाही भिमाबाई. शब्द देते."

नाझियाने हे मनापासून म्हटलं होतं, ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढचं वाचून तुम्ही तिला शिव्या घालाल. बाई मनाची चांगली होती, फक्त तिला निकाल लवकर हवा होता. तसा तो आपल्यापैकी कुणाला नको असतो?

एका प्रशिक्षणात पाहिलेली युक्ती तिनं शाळेत आणली. प्रत्येक वर्गाचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला मुलांतलाच एक प्रमुख नेमला. प्रत्येक गटाची एक काचेची बरणी टेबलावर मांडली. गट नीट वागला की बरणीत गोट्या पडायच्या. गटातलं एक जरी मूल ओरडलं, मारामारी केली, तरी मूठभर गोट्या बाहेर. बरणी भरली की त्या गटाची वॉटरपार्कला सहल! फळ्याच्या वर तिनं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'आपला गट आपण सांभाळायचा'.

शाळेत सिताराम तांबे नावाचे जुने शिक्षक होते. सरकारी शाळेतून निवृत्त होऊन इथं हौसेनं शिकवायचे. त्यांनी बरण्यांकडे पाहिलं आणि चष्मा काढून हातात घेतला.

"मॅडम, सुक्याबरोबर ओलं जाळताय तुम्ही. चूक एकाची आणि भुर्दंड दहा जणांना?"

"सर, ही मुलं आपलं ऐकत नाहीत, पण एकमेकांचं ऐकतात. त्याचाच उपयोग करायचा."

"ऐकतील ना. पण तुम्ही मुलाला रागावता तेव्हा तुम्हाला कायदा आहे, लाज आहे, वरती संस्था आहे. ही मुलं एकमेकांना कशी ऐकवतील, कुठं नेऊन ऐकवतील, ते बघायला कोण जाणार?"

"तुम्ही उगाच टेन्शन घेता," नाझिया हसून म्हणाली.

आणि खरंच, महिन्याभरात शाळा शांत झाली! आधी काचा फुटायच्या थांबल्या. मग भांडणं थांबली. मग मधल्या सुट्टीतला आरडाओरडाही थांबला. मुलं डबे उघडायची, खाली मान घालून खायची आणि पुन्हा बंद करायची. नाझियाने प्रश्न विचारला की मुलं आधी आपल्या गटप्रमुखाकडे बघायची, मग उत्तर द्यायची. अक्षताच्या गटाचा प्रमुख अरमान होता. त्याचे वडील न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रक चालवायचे आणि आठवड्यातून एखाद दिवस घरी यायचे. पूर्वी रोज मारामाऱ्या करणारा अरमान आता सगळ्यात शिस्तीचा झाला होता. वर्गात तो कुणाला हातही लावायचा नाही. नुसतं बघायचा, आणि ज्याच्याकडे बघितलं ते मूल गप्प व्हायचं.

सगळ्यात मोठा चमत्कार अक्षताचा. ती ओरडायची बंद झाली. एकदा तिचा ओठ फुटलेला दिसला. "पडले," ती म्हणाली. एकदा तिच्या केसांची एक बट मुळापासून कापलेली होती. "चिंगम लागलं होतं," असं अरमानने सांगितलं आणि तिनं मान हलवली. सकाळच्या प्रार्थनेनंतर कधीकधी ती तास दोन तास वर्गात नसायची. "बाथरूमला गेली," असं गटातल्या सगळ्यांचं एकच उत्तर यायचं. एवढं वेळेवर, एवढं एकसारखं उत्तर मुलं कधी देतात का? पण नाझियाला फक्त भरत चाललेली बरणी दिसत होती.

भिमाबाई एकदा कामावरून तशीच शाळेत आली.

"बाई, पोरीला औषीद-बिषीद देता का तुमी?"

"औषध? नाही हो. का?"

"न्हाई, घरी बोलतच न्हाई ती. आधी भांडं आपटायची, मला शिव्या द्यायची. आता बसती भित्तीकडं तोंड करून. झोपंत दात खाती. मला भ्या वाटतं."

"अहो, सुधारतेय ती! राग आवरायला शिकतेय. थोडा वेळ द्या."

भिमाबाई शिकलेल्या बाईपुढं काय बोलणार? ती गेली. दारात उभे असलेले सिताराम सर मात्र आत आले.

"मॅडम, पूर्वी ही मुलं भांडायची ती आपल्या डोळ्यांसमोर. आता कुठं भांडतात?"

"आता भांडतच नाहीत, सर."

"एवढी मुलं एका जागी, आणि भांडण नाही? माझं आयुष्य शाळेत गेलं, असं मी कुठंही बघितलं नाही. मला भीती वाटतेय."

नाझियाने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. पुढच्या आठवड्यात संस्थेचे विश्वस्त पाहुण्यांना घेऊन येणार होते. बिघडलेली मुलं सुधारणारी शाळा त्यांना दाखवायची होती.

पाहुणे आले तो दिवस अमावास्येचा होता. दुपारी खाडीला उधाण होतं आणि वर्गात खारट वास पसरला होता. सातवीची मुलं हाताची घडी घालून बसली होती. एकही बाक वाजत नव्हता. "वा, कमाल आहे!" पाहुणे म्हणाले. नाझियाचा चेहरा उजळला. तेवढ्यात तिला मधल्या बाकावरची रिकामी जागा दिसली.

"अक्षता कुठे आहे?"

"मॅडम, ती घरी गेली. पोटात दुखत होतं तिच्या," अरमान उभा राहून म्हणाला. गटातल्या सगळ्यांच्या माना एकदम हलल्या.

सिताराम सरांनी बाहेर जाऊन भिमाबाईला फोन लावला. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "मॅडम, भिमाबाई आज घरीच आहे. पोरगी घरी पोचलेली नाही. सकाळी शाळेत म्हणून निघाली, तेवढंच तिला माहीत आहे."

"अरमान, खरं सांग. कुठे आहे ती?"

"माहीत नाही."

"आफरीन? तू सांग. तुमच्याच गटात आहे ना ती?"

आफरीन नावाची ती लहानखुरी मुलगी खाली बघत राहिली. कुणीच बोलेना. पण नाझियाच्या लक्षात आलं, की सगळा वर्ग अधूनमधून मागच्या खिडकीकडे बघतोय. खिडकीबाहेर खाडीच्या बाजूचा नाला होता, आणि त्याचं पाणी काठाला लागलं होतं.

तिनं अरमानच्या गटाची बरणी उचलली. "सांगता की ओतू सगळ्या गोट्या?"

मुलांचे ओठ आणखी घट्ट मिटले.

"ठेवा ती खाली!" सिताराम सर ओरडले. शाळेत ते पहिल्यांदाच ओरडले होते, आणि तेही पाहुण्यांसमोर. "त्या बरणीनंच तोंडं शिवलीत त्यांची! अजून किती शिवणार?"

नाझिया तशीच उभी राहिली. वर्गातल्या प्रत्येक मुलाची नजर तिच्या हातावर होती, चेहऱ्यावर कुणाचीच नव्हती. इतके दिवस आपण ज्याला शिस्त म्हणत होतो ती नुसती भीती होती, हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं बरणी खाली ठेवली. विश्वस्तांकडे न बघता ती पहिल्या बाकासमोर गुडघ्यांवर बसली.

"आजपासून बरणी नाही. कुणाचं काही कमी होणार नाही, कुणाला शिक्षा नाही. चूक माझी आहे, बाळांनो. मला फक्त अक्षता पाहिजे. कुणीतरी सांगा रे!"

आफरीन रडायलाच लागली. "पंपाच्या खोलीत, मॅडम. ती चिडली की आम्ही तिला तिथं ठेवतो, पण आज पाणी जास्त आलंय."

पंपाची खोली शाळेच्या मागे, जमिनीपेक्षा खाली होती. नाझिया धावत पोचली तेव्हा पायऱ्या दिसत नव्हत्या. सिताराम सर कपड्यांसकट पाण्यात उतरले. अरमान त्यांच्याही पुढं होता. त्यानं पाण्याखाली हात घालून कडी ओढली आणि दोघांनी मिळून दार खेचलं.

अक्षता आत पंपाच्या चौथऱ्यावर चढून उभी होती. पाणी छातीपर्यंत आलं होतं. एका हातानं तिनं पाइप पकडला होता. दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं.

तिला बाहेर काढून ओट्यावर बसवलं तरी तिचा हात तोंडावरून निघेना. नाझियाने तिला छातीशी धरलं. "अगं, एवढं पाणी आलं, ओरडली का नाहीस? आम्ही इथंच होतो ना!"

अक्षता हळूच म्हणाली, "ओरडलं की गोट्या जातात."

वाचकहो, ज्या मुलीच्या किंकाळीनं पूर्वी सगळी शाळा थांबायची, ती मुलगी बुडत असताना ओरडली नाही! एवढी चांगली शिस्त आपण तिला लावली होती.

अरमान ओल्या कपड्यांत थरथरत उभा होता. "अल्ला कसम मॅडम, एवढं पाणी येईल हे माहीत नव्हतं. पाहुण्यांसमोर ती ओरडली असती तर सगळं गेलं असतं. तुम्हीच म्हणालात ना, आपला गट आपण सांभाळायचा." नाझियाने त्यालाही जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी ती भिमाबाईच्या खोलीवर गेली. अक्षता भिंतीकडे तोंड करून झोपली होती. नाझियाने हात जोडले, झालं तेवढं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पोलिसात जायचं असेल तर मी बरोबर येते, असंही म्हणाली. भिमाबाईनं पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"ही वरडायची तवा मीच म्हणायची, हिला कुनीतरी गप करा," ती म्हणाली. "तुमी केली गप. आता बाई, हिला बोलती करा. मग जा पायजे तिकडं."

पाहुण्यांसमोर हसं झाल्याचा विश्वस्तांना राग होता. नाझियाने तो गिळला आणि कामाला लागली. बरण्या आणि फळ्यावरचं ते वाक्य, दोन्ही गेलं. ज्याची चूक, त्यानंच ती निस्तरायची आणि निस्तरताना एक मोठं माणूस त्याच्या शेजारी बसायचं, असा नवा नियम झाला. सकाळी दारात उभं राहून ती प्रत्येक मुलाला विचारू लागली, "आज कसं वाटतंय?" ज्याचा पारा चढलेला दिसे, त्याला वर्ग सुरू व्हायच्या आधीच सिताराम सर व्हरांड्यात फिरवून आणायचे. त्रास होतोय हे सांगणं म्हणजे चहाडी नव्हे, हे ते मुलांना रोज समजावायचे. अरमानने अक्षतासमोर बसून माफी मागितली. तो रोज तिच्या बाकावर पाण्याची बाटली भरून ठेवू लागला, आणि अक्षता त्या बाटलीला हात लावत नसे.

शाळेत पुन्हा आवाज वाढला. भांडणं झाली, एक काचही फुटली. पण फोडणाऱ्यानं स्वतः येऊन सांगितलं. हळूहळू भांडणं हातघाईवर येण्याआधीच मुलं ऑफिसात येऊ लागली, आणि खरी भांडणं कमी झाली. अक्षता मात्र गप्पच होती. पावसाळा संपला, दिवाळी झाली, तरी गप्पच. भिमाबाई दर शनिवारी शाळेत यायची, नाझियाकडे बघायची आणि काही न विचारता परत जायची.

मग एका दुपारी नाझिया ऑफिसात बसली असताना वरच्या मजल्यावरून किंकाळी आली. "ए अरमान, माझी जागा हाय ती! ऊठ! मॅडम, बघा ना याला!"

जिना चढताना नाझिया रडत होती आणि हसतही होती. वर्गात गेल्यावर तिनं आधी अक्षताचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

नागरिकहो, घरात, वर्गात, कचेरीत दंगा करणारं माणूस एकाएकी गप्प झालं, तर सुधारलं म्हणून पेढे वाटू नका. ते आपल्याला सांगायचं थांबलंय का, ते आधी बघा. आणि एकाच्या चुकीची शिक्षा दहा जणांना देऊ नका. ते दहा जण ती शिक्षा पुढं कुणाला आणि कुठं नेऊन देतात, हे आपल्याला दिसत नाही.