यादीतून गळलेली मंगळी

समजा, तुमच्या पाड्यावर तुमच्याच नावाची, आडनावाची आणि वयाची आणखी एक मुलगी आहे. जव्हारजवळ साखरशेतच्या बाजूला याचं कुणाला नवल वाटत नाही. तिथे अजून वारावरून नावं ठेवतात, मंगळवारची मंगळी, शुक्रवारची सुकरी, आणि अख्ख्या पाड्याचं आडनाव एकच असतं. तिथल्या एका पाड्यावर नऊ वर्षांच्या दोन मंगळी होत्या.

जव्हारची योगिता पीएचडी करत होती. आईबापांकडून आपल्या रक्तात जे लिहिलेलं येतं, ते ती संगणकावर वाचायची. सिकलसेल हा सांधे दुखवणारा रक्ताचा आजार एकाला थोडा आणि दुसऱ्याला फार का छळतो, हे तिला शोधायचं होतं. दीड वर्षापूर्वी तिने पाड्यावरच्या मुलांचं रक्त नेलं. जाताना म्हणाली, "आजार असेल त्याच्या घरी कागद येईल."

एका मंगळीकडे कागद आला, गोळ्या सुरू झाल्या. दुसरी मंगळी पोशीची लेक, तिच्याकडे आला नाही. तिचे गुडघे ठणकायचे. भातलावणीत ती बांधावर बसली की पोशी ओरडायची, "कागद नाय आला तुझा! मग दुखतंय कशाला? ढोंगी कुठली!"

या पावसाळ्यात मंगळी तापाने फणफणली. जव्हारच्या दवाखान्यात तपासलं, तर सिकलसेल. योगिताची यादी तिथल्या नर्सकडेही होती. तिने योगिताला फोन केला, "तुझ्या यादीत ही पोर कशी नाही?"

योगिताने जुनी यादी उघडली आणि तिला स्वतःच खोडलेली ओळ दिसली.

मंगळी घरी आल्यावर योगिता पाड्यावर गेली. ओटीवर बसली, पण मान वर करेना. "मावशी, यादीत मंगळी दोनदा दिसली. मला वाटलं, चुकून दोनदा लिहिलंय. मी एक खोडली. घाईत बापांची नावंच लिहिली नव्हती."

"पुण्याची बाई चुकली असती तं बोलले नसते," पोशी म्हणाली. "तू तं इथलीच ना गं? तुझी आजीपण मंगळीच!"

योगिताच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. लेकीला आपण काय काय बोललो, ते पोशीला आठवत होतं. दोघींनाही मंगळीकडे बघवेना.

मंगळीनेच विचारलं, "ताई, दोन सुकरी हायेत ना, त्यातली पण एक खोडली?"

योगिताने ते बघितलंच नव्हतं.

मंगळी खांबाला धरून उठली. लंगडत शेजारच्या घरांत गेली, दोन्ही सुकरींना हाताला धरून आणलं, योगितासमोर बसवलं आणि एकेकीच्या बापाचं नाव सांगू लागली.