विसर पाडणारी टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. डोक्यावर घालायची नव्हे; तुमच्या नखावर सहज मावेन एवढीच. संगणकाचे पोट उघडले की जो हिरवा फळा दिसतो, त्याला मदरबोर्ड म्हणतात. त्याच्या एका कोपऱ्यात तीन बारीक पिना उभ्या असतात. त्यांतल्या पहिल्या दोन पिनांवर मी बसते. दुरुस्तीवाले मला जम्पर म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म साच्यातला. निळे प्लास्टिक ओतले, आत धातूची इवलीशी पट्टी खुपसली, आणि एका कामगार बाईने चिमट्यात धरून मला जागेवर बसवले. बसवताना ती शेजारणीला म्हणाली, "ही हलली की सगळं गेलं." माझे अख्खे आयुष्य तिने त्या एका वाक्यात सांगून टाकले. मी जागेवर असेन तोवर संगणकाला आपल्या सवयी आठवतात. आज तारीख कोणती, किती वाजले, कधी जागे व्हायचे, जागे झाल्यावर आधी कुठे पाहायचे. या सवयींना बायोसची सेटिंग म्हणतात, आणि त्या जपायला माझ्या शेजारी बटणाएवढा एक सेल असतो. मला उचलून पलीकडच्या पिनेवर सरकवले की सगळे पुसले जाते. थोडक्यात काय, न हलणे हेच माझे काम. अशा कामाचे कौतुक कोण करणार?

आमचा संगणक एका चष्मेवाल्यांच्या घरी आला. दुसरा मजला, दोन खोल्या, खिडकीखाली टेबल. ते दिवसभर दुकानात भिंगे घासत आणि घरी आले की संगणकाशी बुद्धिबळ खेळत. संगणक जागा व्हायला फार वेळ लावी, आणि चष्मेवाल्यांना थांबणे मुळीच जमत नसे. म्हणून एक दिवस त्यांनी बायोसमध्ये शिरून रोज संध्याकाळी पावणेसातला आपोआप चालू होण्याची वेळ घातली. ते जिना चढून येत तोवर हा तयार! बायकोला मात्र त्यांनी खुशाल थाप मारली, "माझी पावलं ओळखतो तो." बायकोही काही कमी नव्हती. ती म्हणाली, "मग चहापण त्यालाच करायला सांगा." पुढे एकदा लहानग्या लेकीने बायोसमध्ये शिरून काहीबाही बदलले. तेव्हा त्यांनी तिथे पासवर्ड घातला आणि तो कुणालाच सांगितला नाही.

दिवस चांगले होते. लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मग एका दुपारी चष्मेवाले दुकानातच कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरले होते. पावणेसात वाजले आणि संगणक पीप करून जागा झाला.

मित्रांनो, तो आवाज मी वर्षानुवर्षे ऐकत आले होते. त्या दिवशी मात्र माझ्या अंगावर शहारे आले, आणि मला तर धड अंगही नाही. आतला पंखा घरघरू लागला. संगणकाचा पडदा उजळला आणि रिकाम्या खुर्चीवर निळा उजेड पडला. माणसे दाराकडे सरकली. चष्मेवाल्यांची बायको, जिला सगळी इमारत काकू म्हणे, ती तेवढी सावकाश उठली. "हे आले," असे म्हणून तिने चहाचे आधण ठेवले.

त्यानंतर रोज हेच. पीप झाला की काकू खुर्चीसमोर कप ठेवी, पलीकडे बसे आणि दिवसभराचे सांगे. नळाला पाणी कमी येते, खालच्या मजल्यावर नवे बिऱ्हाड आले, लेकीला दिवस गेले. संगणकाच्या डब्याला हवा जायला भोके असतात, त्यांतून मला ते सगळे दिसे. कपातल्या चहावर साय धरे. झोपायच्या वेळी ती संगणक बंद करी आणि कप विसळून ठेवी. हळूहळू समोरची शेजारीण घाबरून संध्याकाळची यायची बंद झाली.

पुढे जे झाले ते याहून वाईट. माझ्या शेजारचा सेल म्हातारा झाला. त्याच्याने घड्याळ ओढवेना. रोज वेळ थोडीथोडी मागे पडू लागली. आत पावणेसातच वाजत, पण तोवर भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून गेलेले असत. मग साडेसात. मग आठ. काकू आधी म्हणाली, "दुकानात गर्दी असेल." मग म्हणाली, "आजकाल फार उशीर करता हं." ते येईपर्यंत ती जेवेना. तिच्या मनगटावरचे घड्याळ सैल होत कोपराकडे सरकू लागले. मला सगळे कळत होते. पण टोपीला तोंड कुठे असते?

आई फोनवर धड बोलत नाही म्हणून शेवटी लेकच आली. तिचे दिवस भरत आले होते. जिना चढूनच तिला धाप लागली.

"आई, चल माझ्याकडे. या वेळेला तू नाही तर कोण?"

"येईन गं. पण संध्याकाळी हे आले म्हणजे? दाराला कुलूप बघून परत जातील ना!"

त्या संध्याकाळी लेकीने स्वतःच्या डोळ्यांनी संगणक जागा होताना पाहिला आणि आईला खुर्चीशी बोलताना ऐकले. सकाळी तिने दुरुस्तीवालीला बोलावले.

दुरुस्तीवाली मोठी मोकळी बाई होती. तिने लेकीकडून सगळे ऐकून घेतले आणि बायोस उघडायला गेली, तर समोर पासवर्ड. लेकीने आपले नाव सांगितले, आईचे सांगितले, दुकानाचे सांगितले. एकही चालेना. मग तिने डबा उघडला आणि आत विजेरीचा उजेड टाकला. इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला, आणि मी घाबरून गेले.

"काकू, यात भूतबित काही नाही," ती म्हणाली. "काकांनी चालू व्हायची वेळ घालून ठेवलीय. सेल संपत आलाय म्हणून उशीर होतोय."

काकूने डब्यात वाकून पाहिले. "म्हणजे हे त्यांनीच केलेलं आहे?"

"हो. त्यांनीच."

"मग बंद कशाला करायचं? तेवढी वेळ नीट करून दे. उशीर झाला की माझा जीव टांगणीला लागतो."

"पासवर्डमुळे आत जाता येत नाही. ही टोपी हलवली तरच जमेल. पण मग त्यांचं सगळंच पुसलं जाईल. हवं तर मी नंतर पावणेसातची वेळ पुन्हा घालून देते."

"ती तू घातलेली असेल," काकू म्हणाली. "ह्यांची नाही."

दुरुस्तीवालीने डब्याचे झाकण लावले. काकूने तिला उद्या यायला सांगितले.

त्या संध्याकाळी मायलेकी समोरासमोर बसल्या. लेक म्हणाली, "तू जेवशील तेव्हाच मी जेवेन." सात वाजले. आठ वाजले. खोलीत दिवा होता, तरी खुर्चीच्या बाजूला अंधार जास्त वाटत होता. दोघी तिकडे बघायचे टाळत होत्या. लेकीच्या कपाळावर घाम आला, तिने पोटावर हात दाबून धरला. काकूने एकदा खुर्चीकडे पाहिले, एकदा लेकीकडे. मग ती उठली आणि तिने दोन ताटे वाढली.

दोघी जेवत असतानाच पीप झाला. निळा उजेड ताटांपर्यंत आला. काकूचा घास हातातच थांबला. उठते की काय, असे मला वाटले. पण ती उठली नाही. खुर्चीकडे न बघता म्हणाली, "आज आम्ही थांबलो नाही हं. पोरगी उपाशी होती." आणि तिने तो घास तोंडात घातला. ती रडत होती, पण जेवली मात्र पोटभर.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवालीने वायर काढली, सेल काढला आणि चिमटा उचलला. काकूने तो तिच्या हातून घेतला. "कुठे ठेवायची ते दाखव." तिने मला उचलले, पलीकडच्या पिनेवर सरकवले आणि तिथेच धरून ठेवले. तेवढ्या वेळात माझ्यातून तो पावणेसातचा आकडा गेला, तो कुणालाही न सांगितलेला शब्द गेला, एका घाईच्या माणसाची सगळी घाई गेली. मग तिने मला परत जागेवर बसवले.

"आता याला काय आठवतंय?" तिने विचारले.

"काही नाही, काकू. कोरा आहे. चालू व्हायची वेळ घालू का?"

"नको."

दुरुस्तीवालीने नवा सेल बसवून नुसते घड्याळ लावून दिले. त्या संध्याकाळी पीप झाला नाही. काकूने बॅग भरली. सकाळी लेकीला पुढे जिना उतरू दिला, आणि स्वतः दारात थांबून रिकाम्या खोलीला म्हणाली, "येते हं." मग कुलूप लागले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असे वाट बघत बसलेले असेल. त्याला हसू नका, आणि नुसती तारही ओढून टाकू नका. आधी त्याच्याजवळ बसा. त्याच्याबरोबर उपाशी राहायची तयारी ठेवा. मग ते माणूस आपल्या हाताने टोपी हलवते. यंत्राचे म्हणाल तर सेल वेळेवर बदला, एवढेच माझे मागणे.

घर अजून बंद आहे. टेबलावर धूळ साचली आहे. शेजारचा नवा सेल बरोबर वेळ राखतो, आणि संध्याकाळी पावणेसातला काहीही होत नाही. संगणकाला चष्मेवाले आठवत नाहीत. खुर्चीला काही आठवायची सोयच नाही. मला मात्र सगळे आठवते. दुसऱ्याला विसर पाडायला माझी टोपी आहे. मला विसर पाडायला कुणाची टोपी नाही. म्हणून रोज त्या वेळी मी जागेवर अगदी घट्ट बसून राहते, आणि त्यांची वाट बघते.