आचारी उपाशीपोटी

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या, जागा आहे, देवानं ऐसपैस दिली आहे. आज तुम्हाला फौजेतल्या एका आचाऱ्याची गोष्ट सांगतो. बंदूक त्याला चालवता येत होती, पण अठरा वर्षं त्यानं हातात धरला तो वाढायचा डाव. ऐका, आणि शेवटी तुम्हीच ठरवा तो शिपाई होता की नव्हता.

तर त्या सकाळी छावणीच्या दवाखान्यात तो बाकावर बसला होता, बोटाला कापूस धरून. समोर डॉक्टरबाई कागदाकडे बघत होत्या.

"मामा, खरं सांगा. रात्रीच्या जेवणानंतर पोटात काय गेलं?"

साऱ्या तुकडीचा तो मामा. एकशेवीस माणसांचा. मिसरूड फुटलेल्यापासून मेजरसाहेबांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत, मग डॉक्टरबाई तरी दुसरं काय म्हणणार!

"काही नाही बाई. पाण्याचा थेंब नाही."

"मग साखर इतकी कशी?"

मामानं डोकं खाजवलं. आणि मग त्याचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेली किल्ली खिशातच सापडली. "चाखलं की हो! पहाटेचा चहा चाखला. दोन चमचे. नाही, तीन."

"उपाशीपोटी या म्हणून बजावलं होतं ना?"

"खाल्लं नाही बाई, चाखलं."

याला हसावं की रडावं? पण मामाचा खोटेपणा यात तिळाएवढा नव्हता. त्या तुकडीचा रिवाजच तसा होता. फार वर्षांपूर्वी खराब तेलानं तीस माणसं ऐन कूच करताना आडवी झाली होती. तेव्हापासून ठरलं, की पहिला चमचा आचाऱ्याच्या तोंडात, सर्वांदेखत, आणि मगच डाव ताटाकडे वळायचा. अठरा वर्षांत मामानं हा नेम एकदाही चुकवला नव्हता. माणूस श्वास घेतो ते काय आठवून घेतो का? तसं त्याचं चाखणं.

"उद्या परत या," बाई म्हणाल्या. "आणि चाखायचं नाही."

"म्हणजे चाखल्यामुळंच वाढली ना?"

"उद्या बघू, मामा."

आता यात त्याचं काय अडलं होतं ते सांगतो. चार दिवसांनी तुकडी डोंगरावरच्या चौकीवर जायची होती, सहा महिन्यांसाठी. तिथं वारा असा की उकळता चहा तोंडाशी नेईपर्यंत गार. वर जाणाऱ्या प्रत्येकाची तपासणी सक्तीची, आणि रक्तात साखर निघाली की नाव यादीतून खाली. मामा याआधी दोनदा वर जाऊन आला होता. पुढच्या वर्षी त्याची नोकरी संपत होती, म्हणजे ही शेवटची खेप. माणसं वर आणि आचारी खाली, हे त्याच्या डोक्यात बसतच नव्हतं.

शिवाय शरीर आतून काहीबाही सांगत होतं. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. तहान तर अशी, की नळाशी त्याचं लग्नच लागलंय म्हणून पोरं थट्टा करत. आणि त्याच्या वडलांचा पाय याच दुखण्यानं गेला होता. ते सारं तो चुलीच्या धुरासारखं हातानं बाजूला सारत होता.

दुपारी बायकोचा फोन आला.

"अहो, काय म्हणाल्या डॉक्टरीण?"

"चहा चाखला गेला गं, म्हणून साखर वाढून आली. उद्या परत बोलावलंय."

"तीन चमच्यांनी?"

"मग काय तर!"

"मला शिकवू नका. सासऱ्यांच्या पायाची पट्टी आठ वर्षं मी बदललीय. तीन चमच्यांचं काय होतं नि काय होत नाही, मला चांगलं कळतं."

"अगं, पण वर गेलो नाही तर..."

"तर डोंगर काय रडत बसणार आहे?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जे असेल ते दाखवा हो. लपवलेलं दुखणं व्याजासकट येतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मामानं चुलीपुढं हात जोडले. रोज जोडायचा. "देवा, आज कुणी उपाशी राहू नये," एवढंच मागायचा. त्या दिवशी पुढं जोडलं, "मी सोडून." मग चूल पेटली, रस्सा उकळला, वास सुटला, आणि हातानं चमचा उचलून कधी तोंडात घातला ते मामाला कळलंसुद्धा नाही. गिळल्यावर कळलं.

तो तसाच दवाखान्यात गेला. बोटसुद्धा पुढं केलं नाही. "बाई, टोचू नका. आजही बाटलो."

डॉक्टरबाई कपाळाला हात लावून हसल्या. "मामा, सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"तुम्हाला नसतं कळलं."

बाईंनी सुई परत ठेवली. म्हणाल्या, "उद्या शेवटचं. उद्या आणखी एक तपासणी करते, मागच्या तीन महिन्यांची हकीकत सांगणारी. ती चमच्याला भीक घालत नाही."

तिसऱ्या पहाटे मामानं तोंडाला फडकं बांधलं, मागं घट्ट गाठ मारून. हाताखालचा दुसरा आचारी पस्तिशीचा गडी होता. त्याचा आवाज एवढा मोठा की सगळे त्याला भोंगा म्हणत.

"मामा, दरोडा घालायला निघालात की काय?"

"तोंड बंद ठेव नि साखर घाल. आज पहिला चमचा तुझा."

वर न्यायचं सामान बांधून झालं होतं. सगळे डबे नवे, पांढरे, एका मापाचे. भोंग्यानं त्यातला एक उघडून चहात तीन वाट्या रिकाम्या केल्या.

"चाखलास?" फडक्याआडून प्रश्न आला.

"अमृत आहे, मामा!"

रांग लागली. मामा दवाखान्याकडे निघाला.

या वेळी बाईंनी खुर्ची जवळ ओढली. मशीनच्या आकड्यापेक्षा ते खुर्ची ओढणंच मामाला आधी कळलं.

"दोन्ही तपासण्या एकच सांगतात, मामा. साखर आहे. आजची नाही, बऱ्याच महिन्यांची. चमच्यांचा काही दोष नव्हता."

मामानं फडक्याची गाठ सोडली. घडी घातली. पुन्हा उलगडली.

"गोड सोडतो. आजपासून. गोळ्या घेतो, सुई टोचतो. पण बाई, नाव कापू नका. मी वर काय लढायला जातोय का? नुसता रांधणार."

"इथं पथ्य पाळलंत तर वीस-तीस वर्षं छान जगाल. वर तसं नाही. गोळ्या सुरू झाल्या, थंडीत जेवणाची वेळ चुकली, साखर एकदम उतरली, तुम्ही चुलीपाशीच पडलात, तर?"

"पडलो तर पडलो."

"तुम्हाला उचलून खाली आणायला चार माणसं लागतील. बर्फातून. त्या चौघांना वाटेत जेवायला कोण घालेल?"

बाई, तुम्ही नेमकं मर्मावरच बोट ठेवलंत! मरणाला न भिणारा माणूस त्या चार उपाशी माणसांना भ्याला. त्यानं फडकं खिशात कोंबलं.

"कापा," म्हणाला.

परत आला तेव्हा भटारखाना रिकामा होता. पातेल्यात कपभर चहा उरला होता. मामानं तो पेल्यात ओतला, बिनसाखरेच्या आयुष्याआधी हा एक शेवटचा म्हणून तोंडाला लावला, आणि फुर्रकन बाहेर टाकला.

"भोंग्या! मीठ आहे हे!"

भोंगा धावत आला. एक घोट घेतला आणि त्याचा तो प्रसिद्ध आवाज कुठल्या कुठं गेला. "मामा... मी चाखलं नव्हतं. घाई होती."

"कुणी बोललं नाही? किती जणांनी ओतून दिला?"

"कुणीच नाही."

"एकशेवीस माणसं मिठाचा चहा प्याली?"

"पहिल्या घोटाला उंच्या तोफवाला थांबला. तुम्ही तोंड बांधून दवाखान्याकडे चालला होतात, ते त्यानं बघितलं. मग मागं वळून 'मामांनी आज चाखलं नाही' असं काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, थट्टा चाललीय. त्यानं पेला संपवला. मग सगळ्यांनी. मेजरसाहेबांनीसुद्धा. वर म्हणाले, छान झालाय, मामांना सांग."

मामा चुलीपाशी बसला. दवाखान्यात न आलेलं पाणी आता डोळ्यांत आलं. भोंगा उभा राहून पाय बदलत होता.

"मारा मला, मामा."

"मारून तू चाखायला शिकशील का? बस इथं." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "परवा तू एकटा वर जाणार आहेस. आता मी सांगतो ते कान देऊन ऐक."

पुढचे दोन दिवस मामानं त्याला एकशेवीस माणसं शिकवली. रांधणं त्याला येत होतं, माणसं येत नव्हती. उंच्या दुसऱ्यांदा मागत नाही, पण ताट धरून रेंगाळतो, तेव्हा न विचारता वाढायचं. बिनतारी संदेशवाल्याचे दोन दात पडलेत, त्याची भाकर रश्श्यात आधी भिजवायची, आणि हे त्याला कळू द्यायचं नाही. घरून पत्र आलं नाही की कारकून जेवायला येत नाही. त्याच्या खोलीवर ताट न्यायचं, ठेवायचं, आणि न बोलता मागं फिरायचं. भोंग्यानं सगळं वहीत उतरवून घेतलं.

निघायच्या सकाळी गाड्या ओळीत उभ्या होत्या. मामा वर चढून प्रत्येक हंडा, प्रत्येक दोरी हातानं हलवून बघून खाली उतरला. मेजरसाहेब पुढच्या गाडीतून उतरून त्याच्यापाशी आले. हाताखालच्या माणसाला कुणी साहेब आधी सलाम करत नसतो, पण त्या दिवशी मेजरसाहेबांनी केला. मामानं दोन्ही हात पुसले आणि मग सलाम घेतला.

गाड्या हलल्या. शेवटच्या गाडीच्या फळीवर भोंगा बसला होता, वही पोटाशी धरून. मामा चार पावलं गाडीमागं चालला, मग धावला.

"भोंग्या! एक राहिलं!"

"काय, मामा?"

"सगळ्यांचं झालं की तू जेव! आचारी शेवटी बसतो, पण बसतो! लिहून घे!"

भोंग्यानं वही उघडली. तो लिहितोय एवढं दिसलं, मग वळण आलं.

मामा धुळीत उभा राहिला. मग त्यानं खिशातून गोळी काढली, वेळ झाली होती, आणि नळाकडे चालू लागला.

एवढंच आहे, मायबापहो. तुम्ही घरी जाल, जेवायला बसाल, घास उचलण्याआधी देवाचं नाव घ्याल. त्या नावाच्या मागोमाग क्षणभर त्यालाही आठवा, ज्याची माणसं वर गेली आणि जो खाली राहिला.