भुईगावचा खांब सर्वांत उंच

मित्रांनो, मी एक जुना स्प्रिंगचा वजनकाटा आहे आणि आज मी भयंकर चिडलेलो आहे. स्वतःची कहाणी सांगणाऱ्याने गोड बोलावं अशी रीत आहे म्हणे. असेल. माझ्या पोटात स्प्रिंग आहे, खडीसाखर नाही.

वसईजवळ भुईगावात, इझाबेलबाईंच्या मागच्या पडवीत, मी वाशाला लटकतो. वर एक कडी, खाली एक आकडा, मध्ये पितळेची तबकडी आणि तिच्यावर फिरणारा काटा, एवढाच माझा देह. पडवीत जे बोललं जातं ते सगळं मला ऐकू येतं. आकड्याला जे अडकवलं जातं त्याचं मी खरं वजन सांगतो. खोटं बोलायला मला कोणी शिकवलंच नाही.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं आणि पास केलं. पुढे वसईच्या बाजारातून क्लेमेंटनी मला घरी आणलं. क्लेमेंट म्हणजे इझाबेलबाईंचे यजमान. त्यांची केळीची वाडी होती. सकाळी ते घड तोडून आणायचे आणि एकेक माझ्या आकड्याला लावायचे. सांडोरचा एक व्यापारी माल घ्यायला यायचा. गप्पा मारता मारता तो घडाला खालून हळूच हात द्यायचा, म्हणजे वजन कमी दिसावं. क्लेमेंट तिथून ओरडायचे, "हात काढ रे! काट्याला त्याचं काम करू दे." व्यापारी दात काढायचा आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

ते माझे सोन्याचे दिवस. आळीत कोणाला काही तोलायचं असलं, की "चला क्लेमेंटच्या काट्यावर" असंच म्हणायचे. ह्या घरची दोन्ही लेकरं, थोरला जॅक्सन आणि धाकटी ॲनिशा, तान्ही असताना झोळीत घालून माझ्याच आकड्याला लावली होती. जॅक्सन तेव्हा माझ्या अंगाखाली मुतला. मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

पुढे क्लेमेंट गेले. वाडी इझाबेलबाईंनी दुसऱ्याला कसायला दिली. जॅक्सन कॅनडात गेला, ॲनिशा नर्स होऊन कुवेतला गेली. तोलायला काही उरलं नाही. माझ्या कडीला गंज चढला आणि तबकडीमागे कोळ्याने बिऱ्हाड थाटलं. भंगारवाला दोनदा माझ्याकडे बघून गेला. मेल्याची नजर वाईट होती.

पण मला नवं काम मिळालं. आमच्याकडे एक रीत आहे, मित्रांनो. गावातलं कोणी परदेशी निघालं, की त्याच्या बॅगेत नुसतं त्याचं सामान नसतं. ज्या ज्या घरचं माणूस तिकडे आहे, त्या त्या घरून एक पुडकं येतं. नेणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. आणि देणाऱ्याने, काय दिलं आणि किती दिलं, हे कधी बोलून दाखवायचं नसतं. बोलून दाखवलं की दिलेलं वाया गेलं, असं इथे मानतात. विमानवाले मात्र किलोभरसुद्धा जास्त सोडत नाहीत. म्हणून सगळ्या बॅगा आधी माझ्याकडे येतात.

आता मला सांगा, ह्या पुडक्यांत असतं काय? वर्षभराचा मसाला. सुके बोंबील. जवळा. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, जी आजकाल सोन्याच्या भावाने मिळते. चिंच, लोणचं, नाताळच्या करंज्या. मे महिना लागला, की इझाबेलबाई जवळच्या पापडी गावच्या बाजारात जाऊन, करंज्या सोडून बाकी सगळं भरतात. मिरच्या आणायच्या, उन्हात टाकायच्या, भाजायच्या, डंकावर जाऊन कुटून आणायच्या. आठवडाभर घर शिंकत असतं. ही वर्षाची बेगमी. तीन घरांची, एका बाईच्या पाठीवर.

आणि त्यातली सुकी मासळी त्या स्वतः खात नाहीत. त्यांना बीपी आहे. खारवलेलं, सुकं सगळं डॉक्टरांनी कधीच बंद केलंय. सोडे निवडताना त्या नुसता वास घेतात. मी वरून बघत असतो.

आता माझं डोकं कशाने फिरलं ते ऐका.

मेच्या अखेरीचा रविवार होता. चर्चमधल्या मिस्साहून येऊन इझाबेलबाई पडवीत सोडे निवडत बसल्या होत्या. फोन समोरच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात एका चौकटीत जॅक्सन, दुसऱ्या चौकटीत ॲनिशा. जॅक्सनने कुठेतरी एक व्हिडिओ बघितला होता, कुठल्या देशातलं कुटुंब किराण्यावर किती खर्च करतं त्याचा. झालं! साहेबांच्या डोक्यात किडा शिरला. त्याने आपल्या घराचा खर्च घेतला, बहिणीच्या घराचा घेतला आणि आईकडून दुकानाच्या आणि बाजाराच्या बिलांचे फोटो मागवले. आईने भाबडेपणाने पाठवले. सगळ्याचे रुपये केले, माणसांनी भागलं आणि तक्ता काढला.

"मम्मी, स्क्रीन बघ," जॅक्सन म्हणाला. "तीन खांब दिसतात ना? हा कॅनडाचा, हा कुवेतचा आणि हा भुईगावचा. माणशी काढलंय मी. बघ, सगळ्यात उंच कोण?"

"माझाच दिसतोय रे," इझाबेलबाई चष्मा वर करून म्हणाल्या.

"तेच तर! इथे एवढी महागाई, चार माणसं आम्ही, दोन वाढती पोरं. तरी माणशी आमचं कमी. तू एकटी, मम्मी. वर्षाचं धरलं तर आकडा बघून चक्कर येईल."

वर्षाचं कसं धरलं माहीत आहे? मे महिन्याचं बिल घेतलं आणि बारानं गुणलं! भुईगावात जन्मलेला मुलगा, ह्याच पडवीत मिरच्यांवरून कावळे हाकलून मोठा झालेला, आणि ह्याला बेगमी आठवली नाही. गाढवाने तरी वाट लक्षात ठेवली असती.

ॲनिशा म्हणाली, "मम्मी, तू रागवू नको हां. पण एकटीला एवढं नाही लागत गं. दुकानवाला तुला फसवत असणार."

आता बोला बाई, आता बोला, असं मी वरून मनात ओरडत होतो. पण बाई बोलतात कसल्या? दिलेलं बोलून दाखवायचं नसतं ना! त्या फक्त म्हणाल्या, "असेल रे बाबा. हात सैल आहे माझा."

मग दोघांनी मिळून तोडगा काढला. ठरवूनच आली होती कार्टी. पहिल्या तारखेपासून आईला डबा लावायचा, दोन्ही वेळचा. डब्याचे पैसे जॅक्सन परस्पर भरणार, म्हणजे घरखर्चाला पैसे पाठवायला नकोत. आणि स्वयंपाकघराला मागून वेगळं दार आहेच, तर तिथला गॅस काढून ती खोली भाड्याला द्यायची. भाडेकरूसुद्धा बघून ठेवला होता.

"तुलाच आराम, मम्मी," जॅक्सन म्हणाला. "आता ह्या वयात कशाला चुलीशी?"

इझाबेलबाईंचे हात सुपात तसेच थांबले. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, तो ओटा दोन वाक्यांत गेला. त्या "बरं" म्हणाल्या. फोन बंद झाल्यावर पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा सोडे निवडायला लागल्या. त्याच दोघांसाठी!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय नाहीत मला, तरी गेली. अरे, खर्च मोजता तर खाणारी तोंडं मोजा की! कॅनडाचा खांब बुटका का, कुवेतचा खांब बुटका का? त्यांची अर्धी चव भुईगावच्या बिलात घुसली होती म्हणून! खाणार तुम्ही, खांब आईचा. वर तिच्याकडे असं बघणार, जणू ती खायला काळ आणि भुईला भार. मला इझाबेलबाईंचाही राग आला. रीत चांगली असते, पण रीत कोणासाठी पाळायची आणि किती, ह्याला काही धरबंध?

पहिल्या तारखेला डबा आला. पोळ्या वातड, डाळ पिवळं पाणी. इझाबेलबाई पडवीत बसून चार घास खायच्या आणि उरलेलं कोंबड्यांना घालायच्या. कोंबड्याही नाक मुरडायच्या. भाडेकरू येऊन खोली बघून गेला. भिंतीला खिळा कुठे ठोकता येईल, ते चाचपडत होता. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी भांडी पोत्यात भरायला काढली.

आणि अशात जॅक्सनचा आवाज आला. फोनवर रेकॉर्ड करून पाठवला होता. "मम्मी, शेजारचा ऑस्टिन टोरांटोला येतोय ना? मसाला संपत आलाय आमचा. सोडे आणि बोंबील जरा जास्तच दे. इथल्या इंडियन दुकानात भाव परवडत नाही, आणि तुझ्या हातची चव कुठे?"

ऐकलंत, मित्रांनो? परवडत नाही म्हणे! इझाबेलबाईंनी तो निरोप एकदा ऐकला. मग पुन्हा लावून ऐकला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑस्टिन बॅग घेऊन आला. बिचारा गरीब पोरगा, नोकरीसाठी पहिल्यांदाच निघालेला. बॅग माझ्या आकड्याला लावली. दोन-तीन किलोची जागा शिल्लक होती. "इझाबेल आंटी, जॅक्सनदादाचं काय असेल ते द्या," तो म्हणाला. तेवढ्यात जॅक्सनचाच व्हिडिओ कॉल आला, पुडकं नीट बांधलं जातंय ना, हे बघायला. इझाबेलबाईंनी फोन ऑस्टिनच्या हातात दिला.

"धरून ठेव रे. काटा दिसला पाहिजे त्याला."

मग आतून मसाल्याची पिशवी आणली आणि माझ्या आकड्याला लावली.

"जॅक्सन, हा मसाला कोणाचा?"

तो हसला. "आमचाच की, मम्मी."

"मग तुझ्या खांबात घाल."

पिशवी काढली, बोंबील लावले. "हे?"

आता तो हसला नाही. "मम्मी, काय चाललंय?"

"हे पण तुझ्या खांबात. आता हे सोडे. ह्यांतले अर्धे ॲनिशाच्या खांबात टाक. मला सुकं बंद आहे, जॅक्सन."

"बंद? कधीपासून?"

"बीपी निघाला तेव्हापासून. सांगितलं होतं तुला. तू गाडी चालवत होतास. हां हां म्हणालास."

ऑस्टिन बिचारा फोन धरून खाली मान घालून उभा होता. माझा काटा थरथरत होता आणि ते वजनामुळे नव्हतं.

"हे वर्षाचं आहे पोरा, महिन्याचं नाही," इझाबेलबाई म्हणाल्या. "ते तू बारानं गुणलंस. तुझ्या पप्पांनी एवढं शिकवलं तुला, आणि बेगमी विसरलास?" मग त्यांनी सोड्यांची पिशवी आकड्यावरून काढली आणि काखेत धरली. "ऑस्टिन, बॅग बंद कर."

"मम्मी, पुडकं?"

"डबा खाणाऱ्या बाईकडे मसाला कुठला रे? स्वयंपाकघर भाड्याला निघालंय ना. चूल राहिली, तर पुढच्या माणसाबरोबर पाठवीन."

आणि त्यांनी फोन बंद केला. स्वतः! त्या घरात पहिल्यांदा आईने आधी फोन ठेवला.

मग त्यांनी पोत्यातून कढई बाहेर काढली. सोड्यांचं कालवण आणि भात केला. ऑस्टिनला बसवून जेवू घातलं आणि आळीत वाट्या पाठवल्या. स्वतःला बिनमिठाचं वरण घेतलं. दुसऱ्या दिवशी डबेवाला आला, त्याला हात जोडून परत पाठवला. आठवड्याने जॅक्सनचा फोन आला. "खोली राहू दे, मम्मी, भाडेकरूला नको म्हणून कळवलंय," म्हणाला. घरखर्चाचे पैसेही पुन्हा यायला लागले. माफी? छे! तेवढं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. म्हणून माझा राग अजून उतरलेला नाही आणि एवढ्यात उतरणारही नाही.

मित्रांनो, म्हातारा काटा म्हणून मला तेल घाला, पुसून ठेवा, असं मी मागत नाही. गंज सोसेन मी. माझं मागणं वेगळं आहे. जगातल्या सगळ्या देशांचे खर्च खुशाल ताडून बघा, खांब काढा, रंग भरा. पण त्याआधी आज घरी गेलात, की आईला विचारा, "आई, तू काय जेवलीस?" ती म्हणेल, "जेवले रे." तेवढ्यावर गप्प बसू नका. आत जा आणि टोपावरचं झाकण उघडून बघा.