मुंगीचं पारडं

या मित्रांनो, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनो, तुम्हीसुद्धा या. गोष्ट लांबूनही ऐकू येते, पण जवळ बसल्यावाचून गोड लागत नाही. ज्याने हत्ती घडवताना हात आखडला नाही आणि मुंगी घडवताना कंटाळा केला नाही, त्या भगवंताला आधी हात जोडतो. मग सांगतो एका मातीच्या पुलाची गोष्ट. काही केल्या तो पूल जुळत नव्हता, आणि त्यापायी एक जीव फार कष्टी झाला होता.

मी एक जुना लाकडी तराजू आहे. एका सुताराने मला जाड फळीतून काढले. मधोमध काटा बसवला, दांडीच्या दोन्ही टोकांजवळ खाचा पाडल्या, खाचांत दोऱ्या अडकवल्या आणि दोऱ्यांना पितळी पारडी टांगली. काम संपल्यावर त्याने मला बोटावर तोलून पाहिले आणि म्हणाला, "जा लेका. कुणाचा दाणासुद्धा खाऊ नकोस." मित्रांनो, तोच माझा गुरुमंत्र.

पुढे कित्येक वर्षे मी एका बियाणेवाल्याच्या दुकानात राबलो. गिऱ्हाईक दुकानदाराच्या तोंडाकडे नव्हे, माझ्या काट्याकडे बघायचे. मग एक दिवस आकडे दाखवणारा चकचकीत काटा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे एका कोळ्याने माझ्या पारड्यात संसार थाटला. आता आपले दिवस भरले असे मी समजत होतो, तोच दुकानदाराची मुलगी शिडी चढून वर आली, तिने मला पदराने पुसले आणि म्हणाली, "बाबा, हा माझ्या बालवर्गाला द्या."

काय सांगू तुम्हाला त्या बालवर्गाची मौज. एकच खोली, गुडघ्याएवढी कपाटे, लहान मुलालाही बाहेरचे दिसेल इतकी बुटकी खिडकी. रोज सकाळी मुले गोल करून बसत आणि ताई, म्हणजे दुकानदाराची तीच मुलगी, विचारत, "आज काय करायचं?" मुले ठरवत, तेच त्या दिवशी होई. ताई मात्र कोपऱ्यातल्या काथ्याच्या चटईवर जाऊन बसत आणि दोन्ही हात मांड्यांखाली दडपून ठेवत.

वर्गातल्या मावशी केर काढता काढता एकदा म्हणाल्या, "हात गारठले का हो बाई?"

"नाही मावशी. मोकळे राहिले की लुडबुड करतात."

दुकानात मी जन्मभर बी मोजले. इथे पहिल्याच दिवशी माझ्यात पीस ठेवले, बूट ठेवला, खारीने अर्धवट कुरतडलेले फळ ठेवले. एकाने तर पारड्यात फुंकर घातली आणि फुंकरीचे वजन विचारले. म्हातारपणी मला असे बाळसे धरल्यासारखे झाले.

एकदा मुलांना प्रश्न पडला, पाण्याने भरलेला बूट जड की वाळूने भरलेला? दोन्ही बूट माझ्या गळ्यात पडले आणि माझी डावी दोरी तुटली. मावशी धावल्या. डाव्या टोकाची खाच फुटली होती, म्हणून त्यांनी नवी दोरी जराशी बाहेरच्या बाजूला बांधली. साहजिकच मी डावीकडे कललो. मग त्यांनी माझ्या उजव्या टोकाला सुतळीचे वेढे घातले, अगदी माझी मान सरळ होईपर्यंत. "झाला ठणठणीत," असे म्हणून त्यांनी मला थोपटले. मलाही तसेच वाटले. रिकामा उभा राहिलो की माझा काटा नाकासमोर.

त्याच आठवड्यात मुलांनी पूल बांधायला काढला. दोन टेबलांच्या मध्ये खेळण्यातली नदी होती. खिडकीकडची टोळी या काठावरून बांधणार, दाराकडची त्या काठावरून, आणि मधोमध दोघांची गाठ पडणार. माती सारखी हवी म्हणून मुलांनीच नियम केला: खिडकीवाल्यांची माती डाव्या पारड्यात, दारवाल्यांची उजव्या पारड्यात, काटा सरळ झाला की वाटणी पक्की.

खिडकीकडे होती मुंगी. वर्गात सगळ्यांत लहान, पण स्वतःपेक्षा मोठी वस्तू उचलून चालू लागणारी. दाराकडे होता कशावरून. त्याला आकाश निळे आहे म्हटले तरी तो "कशावरून?" म्हणायचा, म्हणून नावच ते पडले.

दारवाल्यांचा पूल नदीच्या मध्यापर्यंत पोचला. मुंगीचा मध्याच्या अलीकडेच संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलले, पुन्हा तेच.

"आम्हाला माती कमी येते," मुंगी म्हणाली.

"काटा सरळ होता की."

"तरी कमी येते."

"रडी," कशावरून म्हणाला. मग त्याची सगळी टोळी ताल धरून म्हणू लागली, "रडी मुंगी, रडी मुंगी." मीसुद्धा मनात म्हटले, पोरी, माझ्यावर आळ घेतेस? माझा काटा कधी खोटे बोललेला नाही.

तिसऱ्या दिवशीही तिचा पूल तोकडाच राहिला. तिने दप्तर उचलले. "मी उद्यापासून येणार नाही," ती हळूच म्हणाली.

मावशी ताईंच्या कानाशी लागल्या. "पोर चालली. सांगा ना काहीतरी." ताईंची नजर माझ्या डाव्या दोरीवर खिळली होती. त्यांना त्याच क्षणी उमगले असावे. त्या अर्ध्या उठल्याही. पण पुन्हा बसल्या आणि हात आणखी खोल दडपले.

"मी सांगितलं तर मुलं माझं ऐकतील," त्या पुटपुटल्या. "तिचं नाही ऐकणार. मुंगी, तुला काही करून बघायचंय का?"

दारापर्यंत गेलेली मुंगी थांबली. मागे वळली आणि कशावरूनच्या समोर उभी राहिली.

"काटा खरा आहे, कशावरून?"

मित्रांनो, त्याचाच शब्द त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने डोके खाजवले. "सरळ दिसतो म्हणून," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"मग अदलाबदल करू. तुमची माती माझ्या पारड्यात, माझी तुमच्या."

मुंगीने गोळे बदलले. आणि काय सांगू, माझे डावे पारडे धाडकन खाली बसले. माझी जन्माची ऐट क्षणात उतरली, आणि तरी तितका आनंद मला कधी झाला नव्हता. मुले टेबलावर चढली. कशावरून ओरडत होता, "परत कर, परत कर," आणि दर वेळी पारडे तस्सेच आदळत होते.

"चुलीत घाला हा तराजू," मावशी म्हणाल्या.

"थांब मावशी," कशावरून म्हणाला. त्याने पेन्सिल आणून माझ्या दांडीवर आडवी धरली. काट्यापासून उजव्या दोरीपर्यंत पेन्सिल बरोबर पुरली. डावीकडे कमी पडली. "याचा हा हात लांब आहे."

"लांब केला कोणी?" मुंगीने विचारले.

मावशींनी जीभ चावली. "मी गं बाई. सरळ करायला गेले आणि वाकडं केलं."

मुंगीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. मग दोघींनी मिळून सुतळी सोडली, नवी खाच पाडली आणि दोरी जागेवर आणली. त्या दुपारी मातीचा पूल नदीच्या मधोमध जुळला. शेवटचा गोळा कशावरूनने मुंगीच्या हातात दिला. "तू लाव," तो म्हणाला. "तू रडी नाहीस."

ताईंनी तेव्हा कुठे मांड्यांखालून हात काढले, टाळ्या वाजवायला. तळव्यांवर काथ्याची नक्षी लाल लाल उमटली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, त्यांची दोरी तपासा, एवढे तर मी मागणारच. पण आणखी एक मागतो. तुम्हीही मोठे व्हाल. तुमच्यासमोर एखादी मुंगी धडपडत असेल, आणि उत्तर तुमच्या जिभेवर आलेले असेल. तेव्हा क्षणभर थांबा, आणि काथ्याची नक्षी उमटलेल्या त्या दोन तळव्यांची आठवण ठेवा.