सहा चटयांची खोली

या, असे जवळ सरका. पाय घ्या त्या पांघरुणाखाली, आत शेगडी आहे. मुळ्याचं लोणचं पुढ्यात ठेवलंय, चहा मी ओतत राहीन. तुमच्या पाठीमागे तो काळ्या लाखेचा, सोनेरी दारांचा देव्हारा दिसतोय ना, या घराच्या मानाने फारच थोराड? आमचा स्वतःचा देव्हारा त्याच्या शेजारी सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा अवघडून बसलाय. हा मोठा माझ्या माहेरचा, आमची गेलेली माणसं त्यातच असतात. तो इथे कसा आला, ती गोष्ट आज सांगते. लोणचं संपेपर्यंत गोष्टही संपेल.

माझा थोरला भाऊ तोकुजी आणि त्याची बायको हात्सुए वहिनी वरच्या वाडीत राहायचे, देवळाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे. वहिनी आणि मी एकाच वेडाच्या. गायचं प्रवचन कुठे आहे म्हटलं की आम्ही निघालोच. गुरुजी साधं बोलता बोलता आवाज चढवतात, बोलण्याचं गाणं होतं, आणि ते सूर टिपेला नेऊन एकदम थांबतात. त्या थांबण्यात आपण खालून "नामु आमिदा बुत्सु" म्हणायचं असतं, अमिताभ बुद्धाचं नाम. ती जागा वहिनीची कधी चुकली नाही. दादाला कधी साधली नाही. तो भिंतीला टेकून झोपायचा आणि गुरुजी "आता चहा घेऊ या" म्हणाले की दचकून जागा होऊन मोठ्याने नाम घ्यायचा.

पण पाहुणे गुरुजी आमच्या देवळात वर्षातून एकदाच येतात, शरद ऋतूच्या उत्सवाला. बाकीच्या प्रवचनांसाठी खालच्या गावांत जावं लागतं, आणि मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात वहिनी अंगणातल्या गोठलेल्या पायरीवरून घसरली. गुडघा गेला. डिसेंबरात ती घरात बसली ती थेट मार्चअखेर बाहेर आली. अंगणात आली तेव्हा मला म्हणाली, "वन्सं, चार महिने मी ह्यांच्याशिवाय माणूस पाहिलेलं नाही. माणूस चांगलं आहे हो, पण एकच आहे."

त्यांचा मुलगा हिदेनोरी तोयामा शहरात असतो. त्याने ट्रामच्या थांब्याजवळ तळमजल्यावरचं एक घर शोधलं. एक सहा चटयांची खोली, एक त्याहून लहान, आणि स्वयंपाकघर. आमच्याकडे खोली तिच्यात किती चटया मावतात त्यावर मोजतात. आत शिरताना एकही पायरी नाही. "पुढच्या बर्फाच्या आत या," म्हणाला.

वहिनी मनातून केव्हाच गेली होती. दादाला हलवायचं होतं, आणि दादा म्हणजे अंगणातला पाटा. घर बघायला चल म्हटलं तर म्हणे, "बघायला गेलो तर अर्धं हो म्हटल्यासारखं होतं." तेव्हा वादाला सुरुवात झाली. उन्हाळाभर मी रोज मुळ्याची, वांग्याची काही ना काही निमित्तं काढून वर जायची, केवळ ऐकायला.

"तोयामा म्हणजे धड शहर नाही, धड गाव नाही," दादा म्हणायचा. "कोमट चहा."

"मग? जन्मभर कोमटच तर पिताय. कढत दिला की जीभ भाजली म्हणून ओरडता."

"तिथे मुळा विकत घ्यावा लागेल. मुळा! विकत!"

"अहो, इथे सहा महिने मुळाच खातो आपण. तिथे एखादे वेळी विसरला तरी मी काही म्हणणार नाही."

"तिथले लोक रस्त्यातून कारंजी सोडून बर्फ वितळवतात. बर्फावर पाणी! पायमोजे भिजतात सगळे."

"आणि तुम्ही छपरावर चढून बर्फ ढकलता, तेव्हा खाली मी भिजते. अख्खीच्या अख्खी."

"बरं, डोंगराचं काय? इथे तातेयामा उशाशी आहे. तिथून केवढा लांब."

"लांबूनच बरा दिसतो तो," वहिनी मेथीच्या जुडीसारखी शिसोची पानं निवडत म्हणायची. "पुष्कळांचं तसं असतं."

दादा मग माझ्याकडे वळायचा. "शिगे, तू सांग. तू कुणाकडून?"

मी कुणाकडून सांगू? वहिनी गेली तर प्रवचनाला माझ्या शेजारी बसणार कोण? न गेली तर ती पुन्हा त्या खोलीत, त्या एका चांगल्या माणसाबरोबर. मी लोणच्याकडून आहे म्हणायची आणि उठायची.

उत्सव आला. एकेन गुरुजी आले. देवळाच्या पायऱ्या वहिनी माझ्या खांद्यावर एक हात आणि कठड्यावर एक हात ठेवून चढली, मधे तीनदा बसली, प्रत्येक वेळी "देखावा बघतेय" म्हणाली. प्रवचन असं रंगलं की मला अजून ते कानात आहे. नंतर पंगत बसली. चवळीसारख्या लाल अझुकीचं सार, तळलेला टोफू, डोंगरातल्या भाज्या. आमच्या पंगतीत मासा नसतो, त्यामुळे लोक एकमेकांनाच खातात. त्या दिवशी ताटात माझा दादा होता.

योहेइ मिस्त्रीने सुरुवात केली. आमच्या खोऱ्यातली निम्मी घरं त्याने बांधलीत. "तोकुजी, जा बाबा. ओसाकात हरवलास तर आम्ही दोन दिवस शोधू. तोयामात हरवलास तर जेवणाच्या वेळेपर्यंत तूच सापडशील. बेताचं शहर आहे."

"एक मोठं दुकान आहे म्हणे," दुसरं कुणी बोललं. "सरकत्या जिन्याने वर जायचं, खाली यायचं, झालं शहर बघून. दुसऱ्या दिवशी काय करायचं?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जायचं," वहिनी म्हणाली. "जिना सरकतो ना, मला काय त्रास?"

"मोठा दवाखाना आहे."

"मोठी रांगही आहे."

"अस्वल नाही."

"इथलं अस्वल निदान ओळखीचं आहे," दादा म्हणाला. "दरवर्षी आमच्याच झाडाची पर्सिमन खातं. तिथे कोण कुठला येईल, काय सांगावं."

सगळे हसले. मग कुणीतरी गुरुजींना विचारलं, तुम्ही सांगा. गुरुजींनी सार संपवलं, ओठ पुसले. "मला कशाला गोवता? मी दर महिन्याला तोयामाच्या मोठ्या देवळात गातो. तिथे ट्राम दारात थांबते, सभामंडप गरम असतो, सगळं छान. फक्त तिथली मंडळी नवखी आहेत हो. नाम भलत्याच जागी घेतात."

"इथेही एक जण घेतो," वहिनी म्हणाली, आणि सगळी पंगत दादाकडे वळली.

पण मी वहिनीकडे बघत होते. 'दर महिन्याला' ऐकताना तिच्या जेवणाच्या काड्या सारात थांबल्या होत्या.

दादानेही ते पाहिलं असणार. कारण त्याने ठेवणीतलं शस्त्र बाहेर काढलं. वाटी खाली ठेवून म्हणाला, "हे बघा. आईवडील आमच्या देव्हाऱ्यात आहेत, आजोबा आहेत. जिथे देव्हारा मावणार नाही, तिथे मी मावणार नाही. बस्स."

हा देव्हारा तुम्ही बघताच आहात. आमच्या खोऱ्यात लोक आधी देव्हारा करतात आणि उरलेल्या लाकडात घर. वहिनीने मान खाली घातली. पण दादा माणूस सरळ. स्वतःच्या तोंडून निघालेला न्याय स्वतःच मोजून बघणारा. घरी गेल्यावर त्याने देव्हाऱ्यासमोर वाकून रुंदी पाहिली. एक चटई आडवी टाकली तर देव्हारा तिच्यावर आरामात बसतो, कडेला हात ठेवायला जागा उरते. योहेइलाही बोलावलं.

"तिथली खोली केवढी?"

"सहा चटयांची."

"आणि ही?"

"ही आठ. पण देव्हारा धरून आपण वापरतो सहाच."

"मग बसेल की," योहेइ म्हणाला. "सहा म्हणजे सहा."

दोघांनी पुन्हा मोजलं. बसतच होता. दादा बराच वेळ देव्हाऱ्यापुढे गुडघे मोडून बसला, मग आत जाऊन वहिनीला म्हणाला, "पेट्या काढ." एवढंच. तो वादात हरला होता, तेही स्वतःच्याच मापाने, आणि त्याने एक शब्द परत घेतला नाही.

गावच्या भटजींनी येऊन मंत्र म्हटले, देव्हाऱ्यातली बुद्धाच्या चित्राची गुंडाळी रेशमात बांधून वहिनीच्या मांडीवर दिली. योहेइने देव्हारा सुटा केला, तळ वेगळा, कळस वेगळा, दारं वेगळी, आणि दोन छोट्या ट्रकांत आम्ही नोव्हेंबरातल्या एका स्वच्छ सकाळी तोयामाला पोचलो. तातेयामावर नवा बर्फ होता. लांबून खरंच छान दिसत होता, पण दादाला कोण सांगणार?

हिदेनोरीने दार उघडलं. ट्रकबरोबरच्या माणसांनी देव्हाऱ्याचा तळ आत नेला. आणि अडकले.

"तिरका करा," योहेइ म्हणाला. तिरका केला. "उभा करा." उभा केला. तळ कसाबसा खोलीत गेला तर खिडकी झाकली गेली आणि पेट्या ठेवल्यावर समोर बसायला वीतभर जागा उरली. कळस लावायचा तर छत आडवं येत होतं. शेजारची दोन दारं उघडली, कुणीतरी डोकावलं, नमस्कार करून पुन्हा आत गेलं.

"असं कसं?" योहेइ घाम पुसत म्हणाला. "सहा चटया आहेत ना?" त्याने मोजल्या. सहाच होत्या.

दादा खाली बसला आणि एका चटईवर उताणा झोपला. घरी चटईवर झोपला की त्याच्या टाचेपलीकडे हातपंख्याएवढी जागा उरते. इथे दोन्ही पावलं चटईबाहेर, थेट शेजारच्या चटईवर.

"योहेइ," तो छताकडे बघत म्हणाला, "ही चटई म्हणायची की पाट?"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. शहरातल्या इमारतींच्या चटया लहान असतात. संख्या तीच, अंग बारीक. योहेइने आयुष्यभर आमच्याच खोऱ्यातली घरं बांधलेली. सहा म्हणजे सहा, यावर त्याने आपलं घर पैजेवर लावलं असतं. हिदेनोरी मात्र लालबुंद झाला. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," म्हणाला. मुलं शहरात गेली की त्यांना वाटतं, आपल्याला कळलेलं गावालाही आपोआप कळतं.

दादा उठून बसला, आणि काय सांगू, त्याचा चेहरा! उत्सवातल्या दिव्यासारखा. त्याने हार मानली होती, शब्द पाळला होता, सामान बांधलं होतं, आणि आता खोलीच नाही म्हणत होती. कुणी त्याला खोटं ठरवू शकत नव्हतं. "हं," तो म्हणाला, "जिथे देव्हारा मावत नाही..."

"आई कुठे आहे?" हिदेनोरी एकदम म्हणाला.

वहिनी नव्हती. स्वयंपाकघरात नाही, व्हरांड्यात नाही, ट्रकमध्ये नाही. रेशमातली गुंडाळी नीट कपाटावर ठेवलेली, आणि वहिनीची चालायची काठी दाराशी टेकलेली. काठी पाहून दादाचा दिवा विझला. तो तसाच मोज्यांत बाहेर पळाला. एका दिशेला हिदेनोरी, एका दिशेला योहेइ. मी दारात नाम घेत उभी.

अर्ध्या पाऊण तासाने समोरच्या थांब्यावर ट्राम थांबली आणि त्यातून वहिनी उतरली. एका हातात बांबूच्या पानात बांधलेल्या ट्राउटच्या सुशीचा डबा, दुसरा हात मोकळा. रस्ता सपाट. ती हळूहळू चालत आली, कुणाच्या खांद्याविना. दादा थांब्याच्या खांबाला धरून उभा होता. पायमोजे रस्त्यावरच्या रात्रीच्या पावसाने ओलेचिंब.

"कुठे गेली होतीस?"

"तुमचं चाललं होतं तिरकं-उभं. म्हटलं देऊळ कुठे आहे बघून यावं. तर आत गुरुजी गात होते! आजच होतं. मागे बसले थोडा वेळ." आणि हसून माझ्याकडे वळली. "वन्सं, खरंच भलत्याच जागी नाम घेतात हो. मी एकटीने बरोबर घेतलं तर पुढच्या ओळीतली बाई वळून बघायला लागली. मग तिनेही माझ्याबरोबर घेतलं."

तिचा तो चेहरा मी लग्नात पाहिला होता, त्यानंतर फारसा नाही.

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग तिच्या मोकळ्या हाताकडे. आम्ही सगळे वाट बघत होतो, तो आता वाक्य पुरं करणार म्हणून. वाक्य तयारच होतं, अर्धं तर बोलून झालं होतं.

"कुठवर आले होते गुरुजी?" त्याने विचारलं.

"अर्ध्यावर. पुढचं ऐकायचं राहिलं."

"पुढच्या महिन्यात ऐक," दादा म्हणाला. मग योहेइकडे वळून ओरडला, "बघतोस काय? तो तळ बाहेर काढ. शिगेकडे न्या. तिच्या घरच्या चटया धड मापाच्या आहेत."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी काय? मी पाय दुमडून झोपेन."

असे माझे आईवडील म्हातारपणी, म्हणजे माझ्या म्हातारपणी, मुलीच्या सासरी राहायला आले. तोयामाच्या खोलीत नुसती ती चित्राची गुंडाळी आहे, कपाटावर, समोर छोटी घंटी. वहिनी महिन्याला मोठ्या देवळात जाते, दोन जागा राखून बसते: एक तिची, एक माझी, मी ट्रामने पोचेपर्यंत. मी पोचतेच. दादा मागे खांबाला टेकून झोपतो. मुळा विकत घेतो आणि घरी येईपर्यंत त्याला नावं ठेवतो. थांब्यावर कुणी भेटलं की सांगतो, इथल्या चटया लहान आहेत, फसू नका.

लोणचं संपलं वाटतं. मग एक करा. निघताना त्या मोठ्या देव्हाऱ्यापुढे हात जोडाल ना, तेव्हा आत आहेत त्यांची आठवण असू द्याच, पण बाहेर आहे त्याचीही काढा. धडधाकट आहे, जिवंत आहे, आत्ता या वेळी पाय दुमडून दुपारची झोप काढत असेल. माझ्या तोकुजी दादाच्या नावाने एकदा नाम घ्या. भलत्या जागी घेतलंत तरी चालेल. त्याला सवय आहे.