दोन झाडांमधली बुडी

मित्रांनो, मी छाटणीची एक जुनी कात्री आहे. बागेत काम करणारी माणसे मला सिकेटर म्हणतात. जुनी म्हटल्यावर लगेच कीव करू नका. माझी स्प्रिंग दोनदा बदलली, मुठीवरचे रबर एकदा बदलले, पण पाते मूळचेच आहे. टोमॅटोच्या फुटव्याला मी नुसती टेकले, तरी तो खाली पडतो. थोडी फुशारकी तुम्हाला ऐकून घ्यावीच लागेल, कारण ती मारल्याशिवाय मला राहवत नाही. पण माझ्या हातून एकदा फार मोठे नुकसान झाले. तेही मीच सांगणार आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे पोलाद तापवून, ठोकून, पाणी देऊन आमची पाती तयार होत. शेवटी जाड चष्म्याचा एक कारागीर प्रत्येक कात्रीने ओला पातळ कागद कापून बघायचा. कागद जरा जरी फाटला, तरी कात्री परत जायची. मी कागद कापला तेव्हा त्याने तो उजेडात धरला आणि मान डोलावली. तो माणूस दिवसभरात फार वेळा मान डोलवत नसे.

दुकानात मला मामांनी निवडले. मामा म्हणजे टोमॅटोच्या मोठ्या काचघरातले मुख्य छाटणीकार. खरे तर ते एकाच भाचीचे मामा, पण काचघरात त्यांना सगळेच मामा म्हणत. त्यांनी अकरा कात्र्या उघडझाप करून पाहिल्या. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "अहो, कात्री घेताय की जावई शोधताय?" मामा म्हणाले, "जावई रोज हातात धरावा लागत नाही." बारावी मी होते.

तेव्हापासून माझे काम सुरू झाले. काचघरात टोमॅटोची झाडे दोरीच्या आधाराने माणसाहून उंच चढतात. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून सारखा नवा फुटवा निघतो. तो वेळेवर काढला नाही, तर झाडाची सगळी ताकद पाल्यात जाते आणि फळे बारीक राहतात. मामा दारापासून सुरुवात करायचे, एका ओळीने वर जायचे आणि पुढच्या ओळीने खाली यायचे. चार-पाच झाडे झाली की कमरेला खोचलेल्या ओल्या फडक्याने ते माझे पाते पुसत. संध्याकाळी तेलाचा हात फिरे. माझ्या पात्यात तोंड बघता यायचे, मित्रांनो. काचघराचा दुसरा अर्धा भाग दुसऱ्या छाटणीकार सांभाळत; त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांची कात्री गंजकी होती आणि चालताना कुरकुरायची. तिच्याकडे बघून मी नाक मुरडत असे.

सर्वांत मागे, भिंतीजवळ, मामांची स्वतःची एक ओळ होती. त्या टोमॅटोची साल पातळ आणि चव अशी, की पेट्या भरणाऱ्या बायका काम सोडून एखादा तोंडात टाकत. वीस वर्षे दरवर्षी सर्वांत चांगल्या झाडाचे बी राखून मामांनी तो वाण जपला होता. तो दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. ते नुकसान झाले त्या वर्षी काचघराच्या मालकीणबाईंनी त्यांना पहिल्यांदाच अख्खी ओळ दिली. आनंदाच्या भरात मामांनी डबीतले होते नव्हते तेवढे बी पेरले. तीस झाडे उभी राहिली आणि डबी रिकामी झाली. दिवसाचे सगळे काम आटोपले की मामा मला घेऊन तिकडे जायचे. तो त्यांनी स्वतःचा पुरवलेला लाड होता.

एके दिवशी दाराजवळच्या दोन झाडांची पाने एका बाजूने मलूल झाली. मग पानांच्या कडा भाजल्यासारख्या दिसू लागल्या. मामांना वाटले, हा करपा आहे. त्यांनी बुरशीनाशक फवारले. त्यांच्या मायाळू स्वभावाप्रमाणे रोज सकाळी ते आधी त्या आजारी झाडांकडे जात, वाळलेली पाने माझ्याकडून काढून घेत, मला फडक्याने लख्ख पुसत आणि मग पुढच्या झाडांकडे वळत. तीन आठवड्यांत मामांच्या अर्ध्या भागात जिथे तिथे झाडे माना टाकू लागली. फळांवर पांढऱ्या कड्याचे बारीक तपकिरी ठिपके उठले. मावशींच्या भागात मात्र सगळे हिरवेगार होते. आणि एका दुपारी भिंतीजवळच्या ओळीतले पहिले झाड झुकलेले दिसले.

मामांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. त्यांनी भाचीला फोन केला. भाची वनस्पतींच्या रोगांची डॉक्टर होती, प्रयोगशाळेत काम करायची. ती दुसऱ्याच दिवशी लाल कापडाच्या पट्ट्यांचे गाठोडे घेऊन आली. झाडाला हात लावण्याआधी तिने प्रत्येक आजारी झाडाच्या दोरीला एक पट्टी बांधली. मग वरून सगळ्या पट्ट्या एकदम दिसाव्यात म्हणून मामांना शिडीवर चढवून ती स्वतः शेजारच्या शिडीवर चढली.

"काल सकाळी सुरुवात कुठून केलीस, मामा?"

"दारापासून. तिथली झाडं जास्त आजारी, त्यांना आधी बघायला नको?"

"मग?"

"मग या ओळीनं वर, त्या ओळीनं खाली. वीस वर्षं हेच चाललंय."

"आणि शेवटी?"

मामांनी शिडीवरून खाली पाहिले. लाल पट्ट्या दारापासून निघाल्या होत्या, एका ओळीने वर गेल्या होत्या, दुसरीने खाली आल्या होत्या. फिरत फिरत त्या मामांच्या लाडक्या ओळीशी येऊन थांबल्या होत्या.

"हा रोग वाऱ्यानं आला असता तर कसाही विखुरला असता," भाची म्हणाली. "हा तुझ्या मागोमाग चालत आलाय. कात्री दे जरा."

तिने एक आजारी खोड उभे चिरून दाखवले. आत तपकिरी रेघ होती. हा करपा नव्हे, खोडात शिरणाऱ्या जिवाणूंचा रोग आहे, असे तिने सांगितले. हे जिवाणू झाडाच्या रसात राहतात. रसाचा डोळ्यांना न दिसणारा थर पात्यावर बसतो आणि पुढच्या झाडाच्या ताज्या जखमेत उतरतो. दिवसभर ओले राहणारे ते फडके तर त्यांचे घरच झाले होते. तीन दिवसांनी प्रयोगशाळेतूनही तोच निष्कर्ष आला.

"मग औषध सांग ना," मामा म्हणाले.

"रोग शिरलेल्या झाडाला औषध नाही, मामा. पुढच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात."

मित्रांनो, मला त्या क्षणी काय वाटले ते कसे सांगू? ज्या चकाकीचा मी इतका तोरा मिरवला, तिच्यासकट मी दारोदार आजार वाटत फिरले होते. मामांनी मला मुठीत गच्च धरले. "जाळून टाकतो हिला झाडांबरोबर. हिच्यापायी झालं सगळं."

"तिला पाय नाहीत," भाची म्हणाली. "तू नेशील तिथं ती जाते."

मामांनी मूठ सैल केली आणि काचघरातल्या सगळ्यांना बोलावले. वीस वर्षे ज्यांनी इतरांच्या चुका काढल्या, ते मामा सर्वांसमोर म्हणाले, "रोग मी फिरवला. माझ्या हातानं. आता मी सांगतो तसं काम करायचं, आणि मी चुकलो तर मावशी मला टोकतील." मावशी म्हणाल्या, "ते काम मी आनंदानं करीन." इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसले.

आजारी झाडे जागच्या जागी पिशव्यांत भरून बाहेर नेली आणि जाळली. तोवर रोग लागलेली मामांच्या ओळीतली नऊ झाडे गेली. त्यांच्या पुढची तीन धडधाकट दिसत होती, पण भाची म्हणाली की तीही काढावी लागतील. ती तीन मामांनी स्वतः उपटली. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. अठरा झाडे उरली.

त्यानंतर कामाची रीतच बदलली. मामांच्या कमरेचे फडके गेले आणि तिथे जंतुनाशकाच्या पाण्याचा डबा आला. मला एक जोडीदारीण मिळाली, लाल मुठीची, कोरी करकरीत. एक कात्री डब्यात बुडलेली, दुसरी हातात. एक झाड झाले की अदलाबदल. सकाळी हात धुऊन आधी निरोगी झाडे आणि सर्वांत शेवटी संशयाचा कोपरा. पाने ओली असताना छाटणी बंद. ते पाणी फार झोंबायचे. लाल मुठीवालीने पहिल्याच दिवशी विचारले, "आपल्याला शिक्षा झालीये का?" मी म्हटले, "नाही गं, हीच आपली आंघोळ."

हा रोग अंगात लपून राहतो, म्हणून मामा सहा आठवडे रोज सकाळी त्या अठरा झाडांची पाने उलटून बघत. एकही पान मलूल झाले नाही. फळे पिकली, बी निघाले, भाचीने ते प्रयोगशाळेत तपासले आणि बी निरोगी असल्याचा फोन केला. मामांनी फोन कानाला लावून नुसते "हं" म्हटले. मग मान वळवून त्यांनी डोळे पुसले. त्या वेळी मी त्यांच्या हातातच होते. बियांच्या त्यांनी दोन डब्या केल्या. एक स्वतःकडे ठेवली, दुसरी मावशींच्या हातात दिली आणि म्हणाले, "एकाच घरी नको."

त्या जंतुनाशकाने माझे पाते डागाळले, कडेला काळवंडले. मावशींच्या कात्रीकडे बघून नाक मुरडायची सोय आता मला राहिलेली नाही. पण छाटणी शिकायला येणारी माणसे चकाकणारी कात्री उचलू लागली, की मामा मला पुढे करतात आणि म्हणतात, "ही बघा. हिच्या प्रत्येक डागामागे एक झाड वाचलंय." कारखान्यातल्या त्या कारागिराने मान डोलावली तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेच्या बागेत माझी कुणी बहीण असेल, तर तिला नुसती पुसून ठेवू नका. दोन झाडांच्या मध्ये तिला एक बुडी द्या. ती कुरकुरेल, तिकडे लक्ष देऊ नका. भिंतीजवळच्या ओळीत या वर्षी पुन्हा तीस झाडे उभी आहेत. रोज सकाळी डब्यातून बाहेर आले की मी सर्वांत आधी तिकडे जाते.